सोळा वर्षांच्या मुलाला दारात अडवलं, मग आठ वर्षांच्या मुलीला का नाही?

प्रश्न राजारामपुरीतल्या एका आईचा आहे. त्यांचा मुलगा अकरावीत, वय सोळा. त्याला घेऊन त्या स्वतः ‘ए’ प्रमाणपत्राच्या, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या, एका हिंदी चित्रपटाला गेल्या. तिकिटं ऑनलाइन काढलेली होती. दारात मुलाला अडवलं. ‘मी आई आहे, मी सोबत आहे, माझी हरकत नाही’ असं सांगूनही सोडलं नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. त्याच्या महिनाभर आधी हेच कुटुंब आठ वर्षांच्या मुलीला घेऊन ‘यूए १६+’ चित्रपटाला गेलं होतं, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. ती मुलगी त्यानंतर बरेच दिवस दिवा चालू ठेवून झोपत होती. त्या विचारतात: सोळाचा मुलगा चालत नाही आणि आठची मुलगी चालते, हा कुठला नियम? शिवाय मुलगा आता मित्राच्या भावाचं लायसन्स घेऊन जातो म्हणतोय, त्याला काय सांगू?

ताई, मी कोल्हापुरात टॉकीजच्या धंद्यातच वाढलो. आधी एकपडदा थिएटरच्या बुकिंग खिडकीत बसलो, पुढे मॅनेजर झालो, मग मल्टिप्लेक्समध्ये आलो. तुम्ही दारात जे बोललात ते मी दाराच्या या बाजूनं असंख्य वेळा ऐकलं आहे, आणि तुमचा राग मला कळतो. तरी उत्तर सरळ देतो. दारातल्या माणसानं दोन्ही वेळा कायद्याप्रमाणेच केलं. ‘ए’चं दार राखायची जबाबदारी थिएटरची आहे. ‘यूए’च्या पुढचा आकडा पाळायची जबाबदारी तुमची आहे. मला दिसलेल्या बहुतेक घरांत याच्या नेमकं उलट चालतं: ‘ए’च्या दारात भांडण होतं आणि ‘यूए’च्या आकड्याकडे कुणी बघतही नाही.

आधी ‘ए’चं बघू. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा. वयाची अठरा वर्षं पूर्ण केलेला माणूस त्या कायद्याच्या भाषेत प्रौढ, आणि ‘ए’ चित्रपट दाखवायचा तो फक्त त्यालाच. आई सोबत आहे, वडील गाडी लावून येतायत, आजोबांनी चिठ्ठी दिली आहे, यातल्या कशालाही तिथं जागा ठेवलेली नाही. आईच्या परवानगीनं उघडणारं ते दारच नव्हे. सतरा वर्षं अकरा महिन्यांचा मुलगाही बाहेर आणि मांडीवरचं तान्हं बाळही बाहेर. तान्ह्या बाळावरून तर जास्त वाद होतात. ‘त्याला काय कळतंय?’ असं आईबाप विचारतात. कळो न कळो, ते अठराच्या आतलं आहे, आणि दारातल्या माणसाला वयाखेरीज दुसरं काही मोजायचा अधिकार नाही.

नियम मोडला तर त्याची झळ मुलाला किंवा तुम्हाला लागत नाही. ती लागते चित्रपट दाखवणाऱ्याला. जिल्ह्यात थिएटरचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून येतो, आणि कुणी तक्रार केली तर उत्तर मालक-मॅनेजरला द्यावं लागतं. म्हणून तुम्ही कितीही कळकळीनं सांगितलंत तरी मॅनेजर मान हलवत नाही. तुमच्या शब्दावर त्याचा विश्वास नसतो असं नाही. तुमच्या शब्दानं त्याची सुटका होत नाही, एवढंच.

आता ‘यूए’. १९५२ च्या कायद्याआधीच, १९४९ साली, तेव्हाच्या जुन्या कायद्यात बदल होऊन ‘यू’ आणि ‘ए’ अशी वाटणी झाली. म्हणजे सगळ्यांसाठी आणि मोठ्यांसाठी, मधलं काही नाही. १९८३ मध्ये ‘यूए’ आला आणि डॉक्टरांसारख्या ठरावीक व्यवसायातल्या प्रेक्षकांसाठी ‘एस’ आला. तेव्हाच्या ‘यूए’चा अर्थ होता की बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा. चाळीस वर्षं हे चाललं, आणि त्या एकाच पिशवीत प्राण्यांच्या गोष्टीपासून टोळीयुद्धापर्यंत सगळं कोंबलं गेलं. २०२३ च्या दुरुस्तीनं ‘यूए’चे तीन भाग केले: ७+, १३+ आणि १६+. त्यानंतर २०२४ चे नवे नियम आले. तुम्हाला पडद्यावर आणि पोस्टरवर दिसणारे आकडे हेच. मधल्या काळातले जुने चित्रपट पुन्हा लागतात तेव्हा त्यांच्यावर नुसतं ‘यूए’ असतं, त्यानं गोंधळू नका.

त्याच दुरुस्तीत एक वाक्य आहे आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. हा आकडा पालकांनी विचारात घ्यावा यासाठी आहे, आणि पालकांखेरीज दुसऱ्या कुणालाही त्याची अंमलबजावणी करता येणार नाही. म्हणजे तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला ‘१६+’च्या दारात अडवायचा हक्क थिएटरला कायद्यानंच दिलेला नाही. दारातल्या पोरानं अडवलं असतं तर तुम्ही त्याला जाब विचारू शकला असता. औषधाच्या बाटलीवर वयाप्रमाणे डोस छापलेला असतो आणि चमचा आईच्या हातात असतो, तसा हा आकडा आहे. सरकारनं इथं तुमच्यावर विश्वास टाकला आहे. ‘ए’च्या दारात तुम्ही जो हक्क मागत होतात, तो ‘यूए १६+’च्या दारात तुम्हाला पूर्ण मिळाला होता.

मला खरं बोलायचं आहे ते इथंच, म्हणून जरा थांबतो. दारात अडवलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची मला फारशी काळजी वाटत नाही. ती चिडतात, चहाच्या गाड्यावर जातात, अर्ध्या तासात विसरतात. काळजी वाटते ती रात्रीच्या शेवटच्या शोला येणाऱ्या चार-पाच-आठ वर्षांच्या मुलांची. शुक्रवारी मारधाडीचा मोठा चित्रपट लागतो, ‘यूए १६+’. अख्खं घर येतं. शो संपायला साडेबारा-एक वाजतात. पडद्यावर कुणाचा गळा चिरला जातोय, आवाज चहूबाजूंनी अंगावर येतोय, आणि पोर कानांवर हात ठेवून आईच्या पदरात तोंड खुपसून बसलंय. शेजारून वडील म्हणतात, ‘घाबरतंस काय, पैलवान हैस की तू!’ तालमीच्या गावात हे वाक्य मायेनंच म्हटलं जातं, मला माहीत आहे. पण त्या पोराला त्यातून एवढंच कळतं की भीती वाटली तरी सांगायची नाही. ते मग सांगत नाही आणि घरी जाऊन दिवा चालू ठेवून झोपतं.

थिएटर आणि घरचा टीव्ही यांत मोठा फरक आहे, तो या धंद्यातल्या माणसाला रोज दिसतो. घरी मूल उठून स्वयंपाकघरात जातं, पाणी पितं, रिमोट ओढतं. थिएटरात अंधार असतो, रांगेतून बाहेर पडायला दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागतात, आणि पडदा एवढा मोठा की मान वळवली तरी तो सुटत नाही. आवाज तर छातीत वाजतो. मोठी माणसं त्यासाठीच पैसे मोजतात. लहान मुलाला त्यातून सुटायची वाट नसते. मी पाहिलंय त्यावरून सांगतो, चार-पाच वर्षांची मुलं गोष्टीला भीत नाहीत, अचानक आलेल्या आवाजाला आणि विद्रूप चेहऱ्याला भितात. आठ-दहाची मुलं गोष्ट समजू लागतात, म्हणून त्यांना वाटतं की हे आपल्या घरीही होईल. पडद्यावर आईला कुणी मारलं की ती मुलं शेजारच्या खऱ्या आईचा हात धरतात. तेरा-चौदाच्या मुलामुलींना रक्तापेक्षा अपमानाचे आणि बाईवरच्या अत्याचाराचे प्रसंग जास्त लागतात, आणि ते कधीच बोलून दाखवत नाहीत. सोळाच्या मुलाला भीती वाटत नाही. तो बाहेर पडताना नायकासारखा चालायला लागतो.

आईबापांची अडचणही खोटी नाही. मुलाला कुणाकडे ठेवणार? पूर्वी वाड्यात आजी-आत्या होत्या, आता फ्लॅटला कुलूप लावून निघावं लागतं. त्यावर एक उपाय मी ओळखीच्या घरांना सांगत आलो आणि तो अनेकांनी उचलला. मुलं शाळेत असताना सकाळचा शो बघा. तिकीट बहुधा स्वस्त असतं, गर्दी नसते, आणि दोघांना निवांत तीन तास मिळतात. तेही जमत नसेल तर एकानं शनिवारी बघावा, दुसऱ्यानं रविवारी. आणि चुकून पोराला नेलंच आणि ते घाबरलं, तर उठून बाहेर या. तिकीट जवळ ठेवा, दारातला माणूस पुन्हा आत सोडतो. पैसे गेले म्हणून बसून राहू नका.

तुमच्या मुलीबद्दल: तिला त्या चित्रपटाबद्दल बोलू द्या. तिनं काय पाहिलं, कुठलं तोंड डोळ्यांसमोर येतं, हे तिच्याच शब्दांत सांगू द्या. चिडवू नका, ‘खोटं असतं ते’ म्हणून मिटवूनही टाकू नका. मेकअप कसा करतात, रक्त कसलं वापरतात, हे तिला दाखवलंत तर बरं. चित्रनगरी आपल्या गावाबाहेरच आहे, आणि शूटिंगला गेलेला कुणीतरी मामा-काका कोल्हापुरात प्रत्येक घरात निघतोच. तरीही झोप सुधारली नाही तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

‘ए’ या अक्षराबद्दलही दोन शब्द, कारण गैरसमज इथंच आहे. आपल्याकडे ‘ए’ म्हटलं की जुन्या मॉर्निंग शोची पोस्टरं आठवतात. दक्षिणेतले डब केलेले सवंग चित्रपट सकाळी लागायचे, शाळा चुकवून पोरं तिकडं जायची, आणि त्यामुळे ‘ए’ म्हणजे अश्लील असं डोक्यात बसलं. प्रत्यक्षात आज ‘ए’ मिळतो तो बऱ्याचदा रक्तपातासाठी, क्रूरतेसाठी, अमली पदार्थांसाठी, शिव्यांसाठी, नाहीतर अंगावर येणाऱ्या भीतीसाठी. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे आपल्या तोंडचं सेन्सॉर बोर्ड, १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालतं. चित्रपट तुकड्यातुकड्यानं न तपासता त्याचा एकूण परिणाम बघायचा, असं त्या सूचनांत सांगितलं आहे. म्हणून कितीतरी उत्तम, विचारी चित्रपटही ‘ए’ असतात. तुम्हाला ‘चांगला सिनेमा आहे, मुलानं बघायला हवा’ असं वाटत होतं, ते चूक नव्हतं. चांगला असणं आणि सोळाव्या वर्षी दाखवण्याजोगा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा वाद कोल्हापूरला नवा नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं इथं ‘सैरंध्री’ काढला, तो १९२० मध्ये लागला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब उतरला की प्रेक्षक हादरले, त्याला आक्षेप घेतला गेला आणि ते दृश्य कापावं लागलं. तेव्हा वयाची वाटणी नव्हती. एखादं दृश्य मुलांना झेपणार नसेल तर ते सगळ्यांसाठीच कापायचं, एवढाच मार्ग होता. ‘ए’ आल्यावर निदान एक सोय झाली की मुलांसाठी म्हणून मोठ्यांचा सिनेमा कापायला नको. मी ‘ए’चं दार काटेकोर राखायच्या बाजूचा आहे त्याचं मोठं कारण हेच आहे. दार सैल झालं की कात्री पुन्हा मोठ्यांच्या सिनेमावर चालवायची मागणी होते, आणि ज्या गावानं या कलेला एवढं दिलं तिथं तरी ती वेळ यायला नको.

कात्रीचा आणखी एक भाग मुलाला समजावून सांगा, कारण त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग तोच पिक्चर टीव्हीवर कसा लागतो?’ ‘ए’ चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही. टीव्हीचे हक्क विकायचे तर निर्मात्याला तो पुन्हा मंडळाकडे न्यावा लागतो, दृश्यं काढावी लागतात, शिव्या दाबाव्या लागतात आणि खालचा वर्ग मिळवावा लागतो. टीव्हीवर लागतो तो वेगळा, कापलेला चित्रपट. कितीतरी निर्माते तर थिएटरसाठीच आधी काटछाट करून ‘यूए’ घेतात, कारण ‘ए’ म्हटलं की कुटुंबं येत नाहीत आणि धंदा बसतो. त्यामुळे ‘यूए १६+’ हा पुष्कळदा ‘ए’च्या उंबऱ्यावरून मागं फिरलेला चित्रपट असतो. आठ वर्षांच्या मुलीला नेताना हे डोक्यात हवं.

तुमचा मुलगा म्हणतो की अमेरिकेत आई सोबत असली की सोडतात. बरोबर आहे, तिकडच्या ‘आर’ वर्गात सतरा वर्षांखालच्या मुलाला पालक किंवा मोठं माणूस सोबत असेल तर जाता येतं. पण ती पद्धत कायद्यातून आलेली नाही, १९६८ पासून चित्रपटधंद्यानं स्वतःहून पाळलेली आहे. सोबतीला मोठं कुणी असलं तरी मुलांना बंद असलेला ‘एनसी-१७’ वर्ग तिकडेही आहे. तिथल्या एका गोष्टीनं मला मात्र कायम विचार करायला लावलं. तिथला व्यापार आयोग एकट्या अल्पवयीन मुलांना ‘आर’ चित्रपटाची तिकिटं काढायला पाठवून थिएटरांची परीक्षा घ्यायचा. २००० साली त्यातली ४६ टक्के मुलं आत गेली होती, २०१३ च्या अहवालात हे प्रमाण २४ टक्क्यांवर आलं. नियम तोच होता आणि मुलंही तशीच होती. माझ्या मते फरक पडला तो कुणीतरी सतत तपासत असल्यामुळे. आपल्याकडे अशी परीक्षा कुणी घेत नाही. घ्यायला हवी.

कारण दारात काय चालतं हे मला माहीत आहे. तिथं उभा असतो तो वीस-बावीसचा पोरगा, करवीर नाहीतर पन्हाळा तालुक्यातून रोज येणारा, तुटपुंज्या पगारावरचा. त्याच्यासमोर बुलेटवरून आलेली पाच पोरं उभी राहतात आणि म्हणतात, ‘आमच्या दादांना फोन लावू काय?’ तो दादा कुठल्या मंडळाचा असतो, कुठल्या तालमीचा असतो, नाहीतर माजी नगरसेवकाचा पुतण्या असतो. अशा वेळी पोराच्या मागं मॅनेजर उभा राहिला नाही तर दार उघडतं. आणि मग जे होतं ते मला सहन होत नाही: गगनबावड्याहून एसटीच्या पासावर आलेल्या, गणवेशातल्या मुलांना अडवलं जातं आणि गाडीतून उतरलेल्या, त्याच वयाच्या मुलांना सोडलं जातं. वय विचारायचं तर सगळ्यांना विचारा. मुलगी दिसली की कुजबुज आणि मुलगा दिसला की डोळेझाक, हेही नको. मी मॅनेजर असताना एकच शिस्त लावली होती: पंचविशीच्या आतला वाटेल त्याच्याकडे ओळखपत्र मागायचं, तो कुणाचा का असेना. यावरून मला फोन आले, वर्गणीच्या वेळी टोमणे ऐकावे लागले. पण दोन-तीन आठवड्यांत गावात कळलं की इथं ओळखपत्र लागतं, आणि दारातली भांडणं आपोआप कमी झाली.

मल्टिप्लेक्समध्ये आणखी एक पळवाट असते. तिकीट ‘यू’ चित्रपटाचं काढायचं आणि आत गेल्यावर दुसऱ्या पडद्याच्या दारातून शिरायचं. म्हणून ‘ए’ चित्रपटाच्या पडद्याशी दुसऱ्यांदा तपासणी ठेवणं हे चांगल्या थिएटरचं लक्षण आहे. तिथं पुन्हा ओळखपत्र मागितलं तर कृपा करून रागावू नका.

ओळखपत्राचंही सांगून टाकतो. बघायची असते ती जन्मतारीख. कॉलेजच्या आयकार्डावर ती पुष्कळदा नसते, त्यामुळे ते चालत नाही. पॅनकार्ड अल्पवयीनांनाही मिळतं. लायसन्सचं तर विशेष: पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स सोळाव्या वर्षीच निघतं, म्हणून ‘लायसन्स आहे म्हणजे अठरा पूर्ण’ हा हिशेब चुकीचा. आधार दाखवायचं तर आकडे झाकलेलं, म्हणजे मास्क्ड आधार दाखवा. जन्मतारीख आणि फोटो त्यावर असतोच, उरलेले आकडे दारातल्या माणसाला कशाला हवेत? डिजिलॉकरमधलं कागदपत्रही वैध असतं.

आता फोनचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण प्रत्येक आईच्या मनात असतं: ‘दोन महिन्यांनी तो हाच पिक्चर मोबाइलवर बघणार, मग दारात अडवून काय मिळवलं?’ प्रश्न रास्त आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवाल्यांनाही हेच वर्ग लावले: यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए. १३+ आणि त्यावरच्या चित्रपटांना पालकांनी कुलूप लावायची सोय त्यांना द्यावी लागते, ‘ए’साठी वय तपासायची व्यवस्था ठेवावी लागते, आणि चित्रपटात हिंसा आहे, शिव्या आहेत की आणखी काही, हे सुरुवातीला दाखवावं लागतं. सोय आहे, पण ती लावतो कोण? बहुतेक घरांत एकच अकाउंट, एकच प्रोफाइल, पासवर्ड आत्याच्या मुलाचा, आणि कुलपाचा पिन कुणी घातलेलाच नाही. आज संध्याकाळी बसून मुलीचं वेगळं प्रोफाइल करा, त्याला वयाची मर्यादा घाला आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मुलाच्या बाबतीत पिनवर फार विसंबू नका. सोळाच्या मुलाला पिन काढता येतो. टेलिग्रामवरून चोरीची प्रत उतरवणंही त्याला जमतं. त्याच्याशी बोलावंच लागेल.

बोलायचं म्हणजे त्याच्याबरोबर ‘यूए १६+’ चित्रपट बघा. तो त्याच्या वयाचा आहे आणि तिथं तुम्हाला कुणी अडवणार नाही. मुलीला आजीकडे ठेवा आणि तुम्ही दोघंच जा. परत येताना रंकाळ्यावर नाहीतर मिरजकर तिकटीला कुठेतरी थांबा आणि त्याला विचारा: त्या माणसानं सूड घेतला ते तुला पटलं का? पोलिसांत गेला असता तर गोष्ट कुठं गेली असती? त्या बाईला दिग्दर्शकानं बोलू का दिलं नाही? उपदेश करू नका, त्याचं ऐका. या वयाची मुलं चित्रपटाच्या निमित्तानं जे बोलतात ते एरवी बोलत नाहीत. थिएटरच्या पायऱ्यांवर मी बापलेकांच्या अशा गप्पा ऐकल्या आहेत, आणि माझ्या धंद्यातलं मला सगळ्यात आवडलेलं जर काही असेल तर ते हेच.

राहिलं मित्राच्या भावाचं लायसन्स. मुलाला सरळ सांगा की दुसऱ्याचं ओळखपत्र दाखवणं ही गंमत नाही, आणि फोनवर आधारची तारीख बदलून दाखवणं तर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा आहे. आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की खरी तारीख समोर येते, त्यामुळे ते टिकतही नाही. थिएटरं सहसा पोलिसांपर्यंत जात नाहीत, परत पाठवतात. पण प्रकरण गेलंच तर अठराखालच्या मुलाला बालन्याय मंडळासमोर उभं राहावं लागतं, आणि ज्यानं विश्वासानं लायसन्स दिलं त्या भावालाही उत्तरं द्यावी लागतात. मित्रांपैकी काहींना अठरा पूर्ण झाली असतील आणि हा एकटाच मागं राहत असेल, तर त्याची चीड खरी आहे हे मान्य करा. बारावीच्या वर्गात दरवर्षी असंच होतं, जूनमध्ये जन्मलेला आत आणि डिसेंबरचा बाहेर. सगळ्यांनी मिळून दुसरा चित्रपट निवडावा, असं त्यानंच मित्रांना सुचवलं तर बहुतेक मित्र ऐकतात.

तिकिटाच्या पैशांचं बोलायचं तर बुकिंगच्या अटींत बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की अठराखालच्याला ‘ए’ चित्रपटाला प्रवेश नाही आणि पैसे परत नाहीत. म्हणून हक्कानं मागता येणार नाही. पण शो सुरू व्हायच्या आधी मॅनेजरला शांतपणे भेटलं तर दुसऱ्या पडद्यावरच्या चित्रपटाची सीट तो पुष्कळदा देतो, कारण रिकामी खुर्ची त्यालाही नको असते. शो सुरू झाल्यावर त्याच्या हातात काही उरत नाही. पुढच्या वेळी सीट निवडण्याआधी चित्रपटाच्या नावाखालचा वर्ग बघा, दोघांसाठीही: मुलासाठी अक्षर आणि मुलीसाठी आकडा.